कुत्र्याची नियमित निगा (ग्रूमिंग): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा पाळणाऱ्या घरांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका ठिकाणी सांगितलेली गोष्ट शक्यतो दुसरीकडे परत न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कुत्र्याला ताप असेल, त्याने खाणे सोडले असेल किंवा जखम वाहत असेल, तर पुढचे काहीही वाचत न बसता आधी पशुवैद्यकाकडे जावे.

१. ग्रूमिंग म्हणजे शेवटी आंघोळच ना? महिन्यातून एकदा स्वच्छ न्हाऊ घातले तर पुरे नाही का?

पुरे नाही. आपल्याकडे कुत्र्याची निगा म्हटले की बादली, शाम्पू आणि रविवारची सकाळ एवढेच डोळ्यांसमोर येते; प्रत्यक्षात आंघोळ हा त्यातला सर्वांत कमी निकडीचा भाग आहे. विंचरणे, कान व दात पाहणे, नखे कापणे, पंजांच्या बोटांमधली जागा तपासणे आणि हे सगळे करताना नाकापासून शेपटीपर्यंत अंगावरून हात फिरवणे, हा खरा गाभा आहे. कुत्र्याचे अंग केसांनी झाकलेले असते, त्यामुळे कातडीवरची पुटकुळी, काखेतली गोचीड किंवा आचळाजवळची वाटाण्याएवढी गाठ नुसत्या नजरेला दिसत नाही. ती बोटांनाच लागते. नसबंदी न केलेल्या कुत्रीमध्ये स्तनांच्या गाठी वयानुसार वाढत जातात आणि त्या लहान असताना सापडणे व मोठ्या झाल्यावर सापडणे यांत उपचाराच्या दृष्टीने फार अंतर असते. म्हणून आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे हातात फणी घेऊन बसणारा माणूस महिन्यातून एकदा महागड्या सलूनमध्ये नेणाऱ्यापेक्षा आपल्या कुत्र्याला जास्त ओळखतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२. आमचा कुत्रा देशी, आखूड केसांचा आहे. त्यालाही विंचरावे लागते का?

लागते, पण थोडे. आखूड केसांच्या कुत्र्याला रबरी दातांचा हातमोजा किंवा रबरी ब्रश आठवड्यातून एकदा फिरवला तरी सुटलेले केस व कोंडा निघतो आणि कातडीतले नैसर्गिक तेल केसांवर सारखे पसरते. मराठवाडा व लगतच्या कर्नाटकात आढळणाऱ्या कारवानी कुत्र्याचे अंग सडसडीत आणि कातडी पातळ असते. त्याच्यावर तारेचा ब्रश वापरला तर ओरखडे उठतात. त्याच्याच जवळच्या पश्मी कुत्र्याच्या कानांवर, पायांमागे आणि शेपटीवर रेशमी झालर असते, तेवढ्या भागासाठी मात्र बारीक फणी लागते.

आखूड केसांचा एक फायदा असा की त्यांत गोचीड लवकर दिसते. तोटा असा की मालक निर्धास्त राहतो आणि कानाच्या आत पाहतच नाही.

३. कोणत्या कुत्र्याला कोणता ब्रश, आणि किती वेळा?

लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरेनियन आणि आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून खपणारा इंडियन स्पिट्झ या कुत्र्यांना केसांचे दोन थर असतात: वर राठ केस आणि खाली मऊ लोकर. वरवर ब्रश फिरवला की वरचा थर चमकतो, पण आतली लोकर तशीच दाटून राहते. यांच्यासाठी आतल्या थरापर्यंत पोहोचणारा रेक (लांब, विरळ दातांचा दाताळ्यासारखा ब्रश) आणि धातूची फणी हवी. आठवड्यातून दोन-तीनदा, आणि केस जोरात गळण्याच्या काळात रोज विंचरावे. शित्झू, ल्हासा, पूडल, कॉकर स्पॅनिएल यांचे केस लांब वाढतात व गुंततात, म्हणून त्यांना स्लिकर ब्रश (बारीक, वाकड्या तारांचा ब्रश) आणि फणी रोज लागते.

विंचरताना केसांचा एक थर हाताने वर धरून मुळाची कातडी दिसेल अशी भांगासारखी रेघ पाडावी, तेवढे केस विंचरावेत आणि मग खालचा थर घ्यावा. शेवटी फणी मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेली तरच काम झाले असे समजावे.

४. आंघोळ किती दिवसांनी घालावी? घरातला शाम्पू किंवा लहान बाळांचा शाम्पू चालेल का?

निरोगी कुत्र्याला तीन-चार आठवड्यांतून एकदा आंघोळ पुरते. आखूड केसांच्या, घरातच राहणाऱ्या कुत्र्याला त्याहूनही कमी. दर दोन-तीन दिवसांनी साबण लावल्यास कातडी कोरडी पडते, कुत्रा खाजवतो, आणि खाजवतो म्हणून मालक पुन्हा आंघोळ घालतो, असे चक्र सुरू होते. माणसाची कातडी आम्लधर्मी असते, तर कुत्र्याची त्या मानाने उदासीन आणि पातळ असते, त्यामुळे आपला शाम्पू त्याला मानवत नाही. बाळांचा शाम्पू डोळ्यांना सौम्य असला तरी तोही माणसाच्याच कातडीसाठी बनवलेला असतो. अडीअडचणीला एकदा चालेल, नेहमी नाही. रिठा व शिकेकाई डोळ्यांत गेल्यास चांगलीच झोंबतात. दिवाळीत घरच्या कुत्र्यालाही उटणे लावण्याची हौस असते, पण सुगंधी उटण्याने शिंका आणि खाज यांपलीकडे त्याच्या पदरात काही पडत नाही.

पाणी कोमट असावे. जिथे बोअरवेलचे जड पाणी येते तिथे शाम्पू नीट धुतला जात नाही आणि काखेत, जांघेत उरलेल्या फेसाने खाज सुटते. तिथे शाम्पू आधी मगभर पाण्यात पातळ करून लावावा. पशुवैद्यकाने औषधी शाम्पू दिला असेल तर तो अंगावर साधारण दहा मिनिटे राहू द्यावा लागतो. लावला आणि लगेच धुतला तर औषध नालीत जाते.

५. आंघोळ घातली की दोन दिवसांत पुन्हा वास येतो. शाम्पू बदलावा का?

शाम्पू बदलण्याआधी वास नेमका कुठून येतो ते हुंगून पाहावे. बहुतेक वेळा तो कानांतून (प्रश्न ११), तोंडातून (प्रश्न १२), गुदग्रंथींतून, म्हणजे गुदद्वाराच्या दोन बाजूंच्या लहान पिशव्यांतून (प्रश्न १४) किंवा नीट न वाळलेल्या आतल्या लोकरीतून येत असतो. अंगाचीच कातडी तेलकट, काळपट व जाड होऊन आंबूस वास मारत असेल, तर तो बहुधा यीस्टचा (एका प्रकारच्या बुरशीचा) संसर्ग असतो आणि त्याच्या मुळाशी अनेकदा ॲलर्जी किंवा थायरॉइडचा बिघाड निघतो. सुगंधी फवारा मारून वास झाकणे म्हणजे निदान लांबवणे आहे.

६. एप्रिल-मेमध्ये अंगावरचे सगळे केस भादरून टाकले तर कुत्र्याला गार वाटेल ना?

दोन थरांच्या कुत्र्यांच्या बाबतीत उत्तर ठाम नाही असे आहे. कुत्र्याच्या अंगाचा घाम केस ओले करून गारवा देत नाही. त्याला घाम मुख्यतः पंजांच्या गाद्यांना येतो आणि उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. केसांचा थर बाहेरची उष्णता व ऊन अडवतो. तोच काढला तर नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात कातडी थेट भाजते. शिवाय स्पिट्झ, हस्की यांसारख्या जातींत मशीन लावल्यावर केस कित्येक महिने वाढतच नाहीत आणि वाढले तरी पोत व रंग बदललेला असतो. त्याऐवजी आतली सुटलेली लोकर विंचरून काढावी. हवा खेळू लागली की कुत्रा स्वतःच बरा दिसू लागतो.

अपवाद आहेत. शित्झू, ल्हासा, पूडल यांचे केस वाढतच राहतात, त्यामुळे ते कातरून आखूड ठेवणे योग्यच. तरीही कातडीवर किमान बोटाच्या पेराएवढे केस ठेवावेत. शस्त्रक्रिया, कातडीवर औषध लावण्याची गरज किंवा सुटणारच नाहीत अशा जटा ही भादरण्याची रास्त कारणे आहेत.

७. कानामागे आणि काखेत जटा झाल्या आहेत. कात्रीने कापून टाकल्या तर?

कात्री लावू नये. जट घट्ट होत जाते तशी खालची कातडी तिच्यात वर ओढली जाते आणि केस कुठे संपले व कातडी कुठे सुरू झाली हे वरून कळत नाही. घरच्या घरी झालेल्या जखमांपैकी कानामागची फाटलेली कातडी हा नेहमीचा प्रकार आहे. जट लहान असेल तर कंडिशनरचा किंवा गुंता सोडवणाऱ्या फवाऱ्याचा ओलावा देऊन, मुळाशी बोटांनी धरून, टोकाकडून मुळाकडे थोडी थोडी फणीने सोडवावी. मोठी असेल तर जट आणि कातडी यांच्या मध्ये फणी सरकवून फणीच्या वरच्या बाजूने मशीन चालवावे, आणि हे काम जाणकाराकडून करून घेणे उत्तम. जटा सोडवण्याआधी आंघोळ घालणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण भिजून वाळल्यावर त्या नमद्यासारख्या आवळतात.

जटेखाली हवा पोहोचत नाही. गोल्डन रिट्रीव्हरच्या गालाखाली किंवा कुल्ल्यावर सकाळी रुपयाएवढा ओला, लालभडक डाग दिसतो आणि चाटून-खाजवून संध्याकाळपर्यंत तो तळहाताएवढा होतो. याला हॉट स्पॉट म्हणतात. भोवतालचे केस आखूड करून, चाटू नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालून त्याच दिवशी दाखवावे.

८. गोचिड्या काढल्या तरी पुन्हा पुन्हा होतात. काय चुकते?

बहुधा कुत्र्यावर उपचार होतो आणि घरावर होत नाही. आपल्याकडच्या कुत्र्यांवर मुख्यतः तपकिरी गोचीड असते. रक्त पिऊन टपोरी झालेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते, भिंतीच्या भेगेत किंवा दाराच्या चौकटीमागे शिरते आणि हजारो अंडी घालून मरते. त्यांतून निघालेली पिल्ले, आणि नंतर मोठ्या गोचिड्याही, रक्ताशिवाय दीर्घकाळ तग धरतात. म्हणून कुत्र्याचे अंथरूण गरम पाण्यात धुवावे, भेगा बुजवाव्यात, सोफ्याखाली व भिंतीच्या कडेने व्हॅक्यूम फिरवावा आणि अंगावरचे औषध पशुवैद्यकाने सांगितलेल्या अंतराने न चुकता द्यावे. मानेवर थेंब टाकायचे औषध असेल तर आधी व नंतर दोन-दोन दिवस आंघोळ टाळावी. आंघोळीच्या ओल्या अंगावर ते पसरत नाही.

रोज फिरून आल्यावर कानाच्या आत, पापणीच्या कडेला, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यांत पाहावे. गोचीड दिसली की बारीक टोकाच्या चिमट्याने ती कातडीला अगदी लागून पकडावी आणि न पिळता, न झटकता सरळ वर ओढावी. बोटांनी चिरडू नये. झाकणाच्या बाटलीत थोडे स्पिरिट ठेवून त्यात टाकावी. तोंडाचा बारीक भाग आत राहिला तर उकरत बसू नये, तो बहुधा आपोआप बाहेर पडतो.

ही चिकाटी का हवी, तर या गोचिडीतून एर्लिकिया व बबेसिया या रक्तात वाढणाऱ्या जंतूंचा संसर्ग होतो, ज्याला सरसकट टिक फीव्हर म्हणतात. ताप, मलूलपणा, फिकट हिरड्या, पोटावर लाल ठिपके, नाकातून रक्त किंवा कॉफीच्या रंगाची लघवी यांपैकी काहीही दिसल्यास रक्ततपासणीला उशीर करू नये.

९. रॉकेल, कापूर, कडुनिंबाचे तेल, गुरांचे गोचीडनाशक: यांतले काय चालते?

रॉकेल कातडी भाजते, आणि चाटताना ते फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते. कापूर पोटात गेल्यास झटके येतात. टी ट्री तेल नैसर्गिक म्हणून विकले जाते, पण न पातळ करता लावल्यास कुत्र्याला विषबाधा होते. फिनाइलच्या पाण्याने कुत्रा धुऊ नये. कडुनिंबाचे तेल पातळ करून लावल्यास बहुतेकांना अपाय होत नाही, परंतु आधीच झालेला गोचिड्यांचा सुळसुळाट त्याने आटोक्यात येत नाही.

गुरांच्या औषधाबद्दल ग्रामीण भागातून विशेष विचारणा होते. गोठ्यातल्या बाटलीतले प्रमाण गाय-बैलासाठी असते. अंदाजाने पातळ करून कुत्र्यावर ओतल्यास लाळ गळणे, थरथर व झटके येऊ शकतात. घरात मांजर असेल तर आणखी सावध राहावे, कारण परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेली कुत्र्याची औषधेसुद्धा मांजराला मारक ठरतात.

१०. नखे काळी आहेत. आतली रक्तवाहिनी दिसत नाही, मग कुठे कापायचे?

पांढऱ्या नखात गुलाबी रेघ दिसते. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून एका वेळी पातळ चकती एवढेच कापावे आणि प्रत्येक वेळी कापलेले तोंड पाहावे. सुरुवातीला ते कोरडे व खडूसारखे दिसते. मधोमध गडद, किंचित ओलसर ठिपका दिसू लागला की थांबावे, कारण त्याच्या लगेच पलीकडे रक्तवाहिनी व मज्जातंतू आहे. रक्त आलेच तर रक्त थांबवणारी पावडर, आणि ती नसल्यास कॉर्नफ्लोअर, नखाच्या टोकावर दोन-तीन मिनिटे दाबून धरावे.

फरशीवर चालताना टक् टक् आवाज येऊ लागला की नखे वाढली असे समजावे. वाढलेल्या नखांमुळे बोटे वाकडी पडतात व चाल बिघडते. पायाच्या आतल्या बाजूला वर असलेले अंगठ्याचे नख जमिनीला टेकत नसल्याने झिजत नाही; ते गोल वळून कातडीत घुसलेले अनेकदा दिसते. रोज डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या कुत्र्याची बाकीची नखे झिजतील, पण हे अंगठ्याचे नख झिजणार नाही.

११. कान किती वेळा साफ करावेत? कापसाची काडी चालेल का?

काडी वापरू नये. कुत्र्याची कानाची नळी आधी खाली आणि मग आत अशी काटकोनात वळते, त्यामुळे काडीने मळ आणखी आत ढकलला जातो. कान साफ करण्याचा द्राव आत सोडून, कानाचे मूळ बाहेरून चोळून, कुत्र्याला मान झटकू द्यावी आणि वर आलेला मळ कापसाने टिपावा. निरोगी, उभ्या कानांना याची क्वचितच गरज पडते. कॉकर स्पॅनिएल किंवा लॅब्राडोरसारख्या लोंबत्या कानांना दोन आठवड्यांतून एकदा, तसेच पोहल्यावर व आंघोळीनंतर. लाली, दुर्गंधी, तपकिरी मळ, वेदना किंवा मान एका बाजूला कलणे यांपैकी काही असेल तर घरी काहीच घालू नये. पडद्याला छिद्र असल्यास औषधच अपाय करते. कान सतत झटकल्याने पाळीत रक्त साठून ती फुग्यासारखी सुजते, तेव्हाही दवाखानाच गाठावा.

१२. दात घासणे खरेच गरजेचे आहे? हाडे चघळतो की तो.

गरजेचे आहे, आणि शक्य असल्यास रोज. दातांवरचा मऊ थर काही दिवसांतच कडक होतो व नंतर ब्रशने निघत नाही. माणसांची टूथपेस्ट वापरू नये, कारण कुत्रा ती गिळतो. तिच्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असल्यास रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. शिजवलेली हाडे दात साफ करण्यापेक्षा दात फोडण्याची आणि आतड्यात अडकण्याची शक्यता जास्त.

१३. पावसाळ्यात, आणि त्यानंतर, वेगळी काय काळजी घ्यावी?

कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, त्यामुळे कुत्रा वरून वाळलेला वाटला तरी आत दमट राहतो. फिरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुवावेत आणि बोटांच्या बेचक्या टॉवेलने कोरड्या कराव्यात. तिथले केस आखूड ठेवल्यास चिखल व बुरशी दोन्ही कमी होतात. तुंबलेल्या पाण्यातून नेऊ नये. उंदरांच्या मूत्रातून त्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात, आणि त्यावर पंजे धुणे हा उपाय नसून लसीकरण हा आहे. लांब केसांच्या कुत्र्याच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून राहिली तर माश्या अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत किडे पडतात. तो भाग कातरून मोकळा ठेवावा.

पाऊस ओसरल्यावर माळरानावरचे गवत वाळते आणि कुसळांचा हंगाम सुरू होतो. कुसळाची रचनाच अशी असते की ते पुढेच सरकते, मागे येत नाही. बोटांच्या बेचकीतून कातडीत शिरले की वर लहानसा फोड दिसतो, कुत्रा तेवढीच जागा चाटत राहतो, आणि मलम लावून तो बरा होत नाही कारण कुसळ आतच असते. फिरून आल्यावर अचानक एकच कान झटकू लागला तर कुसळ कानात गेल्याची शंका घ्यावी.

धुळवडीला कोणी रंग लावलाच, तर कोरडा रंग आधी ब्रशने झाडावा, मग कुत्र्याच्या शाम्पूने धुवावा. थोडा डाग राहिला तर राहू द्यावा.

१४. बूड जमिनीवर घासतो. जंत झाले असतील का?

जंतही असू शकतात. पिसवा गिळल्याने होणाऱ्या फीतकृमीचे तांदळासारखे तुकडे शेपटीखाली दिसतात. परंतु अधिक वेळा कारण भरलेल्या गुदग्रंथी किंवा ॲलर्जी हे असते. काही सलूनमध्ये प्रत्येक खेपेला या ग्रंथी दाबून रिकाम्या करतात. तक्रार नसताना ते करवून घेऊ नये, कारण वारंवार दाबण्याने सूज येते.

१५. पंजाला हात लावला की गुरगुरतो, चावायला येतो. दाबून धरून नखे कापावीत का?

जबरदस्तीने एकदा काम उरकते आणि पुढच्या प्रत्येक वेळी ते अवघड होते. आधी दुखणे नाही ना ते तपासून घ्यावे: कानाची, सांध्यांची किंवा पंजाची वेदना असेल तर गुरगुरणे ही तक्रार असते. ती नसेल तर पंजाला क्षणभर स्पर्श आणि लगेच खाऊ, मग पंजा हातात धरणे, मग नखाला कात्री नुसती टेकवणे, अशा पायऱ्यांनी जावे आणि एका बैठकीत एकच नख कापले तरी चालेल असे ठरवावे. गुरगुरल्याबद्दल ओरडू नये. इशारा देणे बंद केलेला कुत्रा थेट चावतो. अगदीच अशक्य असेल तर गुंगीचे औषध पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच द्यावे.

चावा बसलाच, तर लस घेतलेला घरचा कुत्रा असला तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे.

१६. पिल्लू, गाभण कुत्री, नसबंदीनंतरचा किंवा म्हातारा कुत्रा: यांचे नियम वेगळे आहेत का?

आहेत. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाला आंघोळ न घालता कोमट ओल्या फडक्याने पुसावे; त्याची नखांची टोके मात्र कापावीत, कारण दूध पिताना ती आईच्या आचळांना बोचतात. लस दिल्यावर आंघोळीने ती वाया जाते हा गैरसमज आहे, तथापि पिल्लाला ताप येऊ शकतो म्हणून एक-दोन दिवस थांबलेले बरे. गाभण किंवा पाजणाऱ्या कुत्रीवर गोचीड-पिसवांचे कोणतेही औषध विचारल्याशिवाय वापरू नये. शस्त्रक्रियेनंतर टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, आंघोळ नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला घसरणार नाही अशा सतरंजीवर उभे करावे, थोडे थोडे काम करावे आणि चालणे कमी झाल्याने वाढलेली नखे अधिक वेळा पाहावीत.

१७. सलून निवडताना काय विचारावे?

लसीकरणाचे कार्ड मागतात का, दोन कुत्र्यांमध्ये कात्र्या व फण्या निर्जंतुक करतात का, काम चालू असताना तुम्हाला पाहू देतात का, आणि केस कसे वाळवतात, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. बंद पिंजऱ्यात गरम हवा सोडून कुत्र्याला एकटे ठेवणारे ठिकाण टाळावे. पग, शित्झू, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग गार करणे आधीच जड जाते, आणि अशा पिंजऱ्यात त्यांना उष्माघात होऊ शकतो. कुत्रा शांत राहावा म्हणून गोळी देतो असे कोणी सांगितले, तर तिथून परत फिरावे.

१८. सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांसाठी काही करता येईल का? त्यांना आंघोळ घालावी का?

आंघोळीची त्यांना गरज नाही, आणि धरून न्हाऊ घालण्याचा प्रयत्न दोघांनाही धोक्याचा असतो. ओळखीचा, खाऊ घेणारा कुत्रा असेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्याच्या वजनाप्रमाणे गोचीडविरोधी गोळी खाण्यातून देता येते. लहानपणी कोणी बांधलेला पट्टा किंवा दोरी वाढत्या वयात मानेत रुतते, तिकडे लक्ष ठेवावे. कातडीवर चट्टे पडून केस गेलेला कुत्रा उघड्या हाताने कुरवाळू नये, कारण खरूज व गजकर्ण माणसालाही होतात. जखमेत किडे पडलेले दिसले तर स्वतः औषध न ओतता स्थानिक प्राणीमदत संस्थेला किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे आणि मदत येईपर्यंत कुत्रा कुठे बसतो ते पाहून ठेवावे.